विरोधाचा दगड

एका जंगलात, मुलांनो, एक कॉन्व्हेंट होतं.

जंगलात कॉन्व्हेंट कसं, असं विचारू नका. जंगलात निवडणुका होतात, उद्घाटनं होतात, वृक्षारोपणसुद्धा होतं. मग कॉन्व्हेंटनंच काय घोडं मारलंय?

शाळेचं नाव होली नेस्ट. मदर रोझालिया नावाच्या एका करकोचीनं ती काढली. करकोची दूरदेशाहून उडत आली, तळ्याकाठी उतरली आणि पाहते तो काय, बेडकांची, खेकड्यांची, उंदरांची पिल्लं चिखलात लोळताहेत. तिनं त्यांना धुतलं, ओळीनं बसवलं, पाढे शिकवले आणि खाल्लं नाही. जंगलाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. शाळेचं नाव झालं.

नाव झाल्यावर मोठ्यांची पिल्लं आली. मोठ्यांच्या पिल्लांमागून मोठे आले. मोठे आले की त्यांना बसायला खुर्च्या लागतात. असं विश्वस्त मंडळ झालं.

विश्वस्त व्हायला काय लागतं, मुलांनो? विश्वास. कुणाचा, ते घटनेत लिहायचं राहून गेलं होतं.

मदर शहाणी होती. डोळे मिटण्यापूर्वी तिनं मंडळाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली : "शाळा चालवायची ती मुख्याध्यापिकेनं. तुम्ही फक्त ही शाळा कुणाच्या मालकीची होत नाही ना, एवढं बघा." विश्वस्तांनी माना डोलावल्या. कुणाच्या म्हणजे आपल्याखेरीज इतर कुणाच्या, हे त्यांना न सांगता समजलं.

दुसरी गोष्ट जरा विचित्र होती. सभेच्या जागी तिनं एक दगड ठेवला. "या दगडावर बसेल त्यानं प्रत्येक ठरावाला विरोध करायचा. त्यानं विरोधात बोलल्याशिवाय एकही ठराव मंजूर होणार नाही. आपल्या चर्चमध्ये पूर्वी कुणाला संत ठरवायचं झालं तरी त्याच्याविरुद्ध बोलायला मुद्दाम एक जण नेमत. संतांची ही गत, तर तुमच्या ठरावांचं काय घेऊन बसलात?"

त्या जागेला म्हणे सैतानाचा वकील म्हणत. मंडळाचा चिटणीस कोल्हा वकीलच होता. पण तो आधीपासून इतक्यांचा वकील होता की त्याला आणखी एक अशील झेपेना. मग दगडावर कोण बसणार?

बावतीस साळिंदर बसला.

त्याला निवडलं ते त्याच्या दिसण्यावरून. अंगभर काटे. लांबून पाहिलं तर वाटावं, केवढा हा कडवा विरोधक! जवळून मात्र तो अगदी गरीब गाय होता. गाईची क्षमा मागून सांगतो.

लहानपणी होली नेस्टमध्ये बावतीसच्या शेजारी कुणी बसत नसे. सिस्टर जासिंता टिटवी तेव्हा नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. काडीसारखे पाय, मूठभर जीव आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची पिल्लंसुद्धा पाढे म्हणत. त्यांनी बावतीसला आपल्याच टेबलाशी बसवलं. "काटे असणं हा दोष नाही रे," त्या म्हणाल्या. "कधी उभे करायचे, तेवढं कळलं पाहिजे."

एकदा त्याला बक्षीस मिळालं. बावतीस आनंदानं फुलला. साळिंदर फुललं की काय होतं, ते पुढच्या बाकावरच्या तिघांना कळलं. तेव्हा सिस्टरनी त्याला शिकवलं, "स्तुती झाली की काटे मिटायचे, मान खाली घालायची आणि म्हणायचं : मी याला पात्र नाही." बावतीसनं ते घटवून पाठ केलं.

तर असा बावतीस दगडावर बसला. सभेच्या आधी कोल्हा येऊन त्याच्या कानाला लागे. "आज पत्र्याच्या शेडला विरोध. कारण, पावसात आवाज होतो." बावतीस उठे. "पावसात आवाज होतो, सबब माझा विरोध आहे," एवढं म्हणून बसे. कोल्हा म्हणे, "विरोध नोंदवला. ठराव मंजूर." मग सगळे केक खात.

बावतीसला याचा अभिमान होता. त्याची बायको शेजारणींना सांगे, "आमचे हे मंडळात विरोध करतात." घरी त्यानं कधी केला नव्हता.

आणि मग, मुलांनो, ॲल्विन नापास झाला.

ॲल्विन म्हणजे मंडळाचे अध्यक्ष दुमिंगशेठ बिबटे यांचा नातू. नीतिशिक्षणाच्या पेपरात प्रश्न होता : शेजाऱ्यावर प्रेम कसं करावं? ॲल्विननं लिहिलं : थोडं मीठ लावून.

सिस्टर टिटवी आता मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी शून्य दिलं. ॲल्विनला बेडकांपासून चार ओळी लांब बसवलं, ते वेगळंच.

दुमिंगशेठ तरातरा शाळेत आले. "यात चुकलं काय? आमच्या घरी असंच करतात."

"म्हणून तर शून्य दिलं," सिस्टर म्हणाल्या. "घरचा अभ्यास पक्का आहे त्याचा. शाळेचा कच्चा आहे."

दुसऱ्या दिवशी कोल्हा बावतीसच्या कानाला लागला. "उद्या सिस्टरची बदली. तू विरोध करायचास. कारण काहीही सांग, तुझ्या आवडीचं."

बावतीसच्या अंगावर काटा आला. म्हणजे होते तेच सगळे उभे राहिले. सिस्टर गेल्या तर ॲल्विनला बेडकांच्या ओळीपासून दूर ठेवणार कोण? आणि आपल्याला आपलं म्हणणारं शाळेत उरणार कोण? तो धावत सिस्टरकडे गेला. त्या फळा पुसत होत्या.

"सिस्टर, घाबरू नका. मी विरोध करणार. यावेळी अगदी मनापासून!"

"बरं. मग काय होईल?"

"मग वकीलसाहेब म्हणतील, विरोध नोंदवला, ठराव..."

बावतीस तिथंच थांबला. सिस्टर फळा पुसत राहिल्या.

"गणितात तू कच्चाच होतास," त्या मागं न वळता म्हणाल्या. "पण उशिरा का होईना, उत्तर यायचं तुझं."

सभा भरली. कोल्ह्यानं ठराव वाचला. "सिस्टर टिटवी यांच्या प्रकृतीचा विचार करता त्यांना आपल्या वाळवंटातल्या शाखेत विश्रांतीसाठी पाठवावं."

"वाळवंटात आपली शाखा आहे?" मोरानं विचारलं. मोर हा स्नेहसंमेलनापुरता विश्वस्त होता.

"त्या पोचल्या की होईल," कोल्हा म्हणाला. "बावतीस, विरोध."

बावतीस उठला. घसा खाकरला. "मला मान्य आहे."

मोराचा पिसारा मिटला. कोल्हा म्हणाला, "अरे, मान्य काय? विरोध कर!"

"कशाला? इतका सुंदर ठराव. शब्द न् शब्द मान्य."

"बावतीस!" दुमिंगशेठ गरजले. "माझ्या ठरावाला मुकाट्यानं विरोध कर!"

"शेठ, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का? तुम्ही म्हणाल ती पूर्व."

"मग मी विरोध करतो!" कोल्हा म्हणाला. पण घटनेप्रमाणे तो दगडावरूनच करायला हवा होता. कोल्हा दगडावर बसायला गेला. दगडावर बावतीस होता. पुढचा आठवडाभर कोल्ह्यानं सगळी कामं उभ्यानं केली.

बावतीसला काढून टाकावं, तर त्याचा ठराव लागणार. त्या ठरावाला बावतीसचा विरोध लागणार. "मी गेलेलाच बरा," बावतीस म्हणाला. "मान्य आहे." त्यामुळे तो राहिला. त्याला खाऊन टाकावं, तर आवारात कुणी कुणाला खायचं नाही असा मदरचा नियम होता. शिवाय ते साळिंदर. दुमिंगशेठनी तरुणपणी एकदा तसला घास घेऊन पाहिला होता, आणि तेव्हापासून त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

शेवटी त्यांनी बिशपस्वामींना पत्र लिहिलं. बिशपस्वामी म्हणजे फार वृद्ध हत्ती, फार लांब राहत. उत्तर आलं : "प्रार्थना करा आणि विरोधाशिवाय, एकमतानं निर्णय घ्या."

दुमिंगशेठनी ते पत्र खाल्लं.

असं वर्षभर मंडळात एकही ठराव मंजूर झाला नाही. नवी कमान झाली नाही, कमानीचं उद्घाटन झालं नाही, उद्घाटनाचं छायाचित्र लागलं नाही. शाळा मात्र इतकी सुरळीत कधी चालली नव्हती. बेडकांची पिल्लं चार इयत्ता पुढची गाणी म्हणू लागली. ॲल्विन त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसला. यंदा त्यानं उत्तरातलं मीठ कमी केलं होतं.

कोल्हा विचारात पडला. धमकी देऊन झाली. दटावून झालं. आता काय राहिलं? मग एके दिवशी त्याला आठवलं, की आपण या साळिंदराचा सत्कार कधी केलेला नाही.

शाळेच्या सणाचा दिवस उजाडला. मिस्सेची प्रार्थना झाली, बँड वाजला, सगळं जंगल मैदानात जमलं. तिथंच मंडळाची वार्षिक सभा. बावतीसचा दगड माणसं लावून, म्हणजे रानडुकरं लावून, मंचावर मधोमध आणला होता. त्याला झेंडूची माळ घातली होती आणि त्यावर बावतीसला बसवलं होतं. पहिल्या रांगेत सिस्टर बसल्या होत्या.

कोल्हा बोलायला उठला. "निर्भीड! निःस्पृह! काट्यासारखा ताठ, पण मनानं फणसाचा गरा! या बावतीसबाबांना आम्ही ओळखलंच नाही. आज मंडळ त्यांची क्षमा मागतंय."

टाळ्या झाल्या. बावतीसला कानकोंडं झालं. दुमिंगशेठ स्वतः शाल घेऊन पुढं आले. आता शाल पांघरायची म्हणजे काटे मिटावे लागतात. बावतीसनं ते मिटले.

शाल अंगावर पडली. हातात नारळ आला. कोल्हा कागद न बघता म्हणाला, "तेव्हा मंडळाचा असा ठराव आहे, की बावतीसबाबांना मंडळाचे आजीव मानद पितामह करावं, आणि आमच्या सर्वांपेक्षा उंच खुर्ची द्यावी!"

सगळं मैदान उभं राहिलं. बावतीसच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या रांगेतल्या आपल्या बाईंसमोर त्यानं मान खाली घातली आणि पाठ केलेलं अगदी खणखणीत म्हटलं.

"नको, नको! मी याला पात्र नाही!"

"विरोध नोंदवला," कोल्हा म्हणाला. "ठराव मंजूर."

बँड वाजायला लागला. बावतीसला सगळं समजलं तेव्हा रानडुकरांनी त्याला खुर्चीसकट उचललं होतं. काटे उभे करावेत म्हटलं, तर वरून शाल. खाली दगड रिकामा झाला होता. त्यावर एक पोपट बसवण्यात आला. त्याला विरोध तोंडपाठ होता.

"सिस्टर टिटवी यांची वाळवंटात बदली," कोल्ह्यानं वाचलं.

"विरोध! विरोध!" पोपट म्हणाला.

"नोंदवला. मंजूर."

मग सगळ्यांनी केक खाल्ला. पितामहांना तो वर नेऊन दिला.

सिस्टर पिशवी घेऊन निघाल्या. उंच खुर्चीपाशी क्षणभर थांबल्या. बावतीसला वरून त्या केवढ्याशा दिसत होत्या.

"सिस्टर, मी..."

"नम्रतेत पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. आवाज प्रथमच हळू होता. "काटे कधी मिटायचे नाहीत, ते शिकवायचं माझं राहून गेलं रे."

पुढच्या परीक्षेत ॲल्विन नीतिशिक्षणात पहिला आला. त्याला बेडकांच्या ओळीत पुढं बसवलं. ओळीत जागा होत होतीच, दर आठवड्याला थोडी थोडी.

बावतीसची खुर्ची अजून आहे. ती इतकी उंच आहे की तिथून सगळी शाळा दिसते आणि काहीच ऐकू येत नाही.

तात्पर्य : मंडळात प्रामाणिक विरोधक असेल तर त्याला गप्प बसवू नये, काढू तर मुळीच नये. त्याला शाल पांघरावी. उरलेलं काम त्याचे चांगले संस्कार करतात.