न हलणाऱ्या पाटाची चौकशी

सार्वजनिक वस्तू हलते आहे की नाही, याची खात्री करून घेणं हे जागरूक समाजाचं पहिलं कर्तव्य असतं. दिग्रसची आमची कॉलनी या बाबतीत फार जागरूक आहे. (कोपऱ्यावरचा रोडरोलर तीन वर्षं हललेला नाही, पण तो सरकारी, सार्वजनिक नव्हे.)

प्रस्तुत वस्तू म्हणजे एक मोटर. ती गणेश मंडळाच्या मूर्तीमागचं चक्र फिरवायची. नवीन चक्र आलं तेव्हा मंडळाने ती माझ्या वडिलांना, मारोतरावांना, दिली. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी घरी केलेल्या दुर्बिणीत शनी सापडायचा आणि लगेच निसटायचा, कारण पृथ्वी फिरते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पाट बनवला: वर प्लायवूड, खाली कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातली बेअरिंगं, बाजूला ती मोटर, आणि तिला आवर घालायला दातेरी चाकं. दुर्बीण पाटावर ठेवायची. पृथ्वी जेवढी पूर्वेकडे फिरेल तेवढा पाट पश्चिमेकडे कलेल, आणि शनी जागेवर राहील.

मोटर काही फिरत नाही, अशी तक्रार मंडळाकडे गेली. त्रिसदस्यीय समिती नेमली गेली आणि एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात खुर्च्या मांडून बसली. अध्यक्ष नागोराव, सदस्य हरिसिंग आणि विमलताई. बाबांनी बटन दाबलं. समितीने दोन चहा होईपर्यंत पाटावरची नजर काढली नाही. (बिस्किटं चाचपून घेतली.)

"मारोतराव, कुठं हलून राह्यला हा?" नागोरावांनी विचारलं.

"हलून राह्यला न भाऊ. तासाले पंधरा अंश."

"थोडी स्पीड वाढवा न मंग."

"माह्या हातात नाही ते. पृथ्वीले सांगा."

"पृथ्वी मंडळाची मेंबर नाही," हरिसिंग म्हणाले. "वर्गणीच देत नाही ते."

बाबा माझ्याकडे वळले. "निकिता, तू सांग यायले. हलून राह्यला का नाही?"

"बाबा, पोहे थंडे होऊन राह्यले," मी म्हणाले.

अहवाल एकमताने झाला. मोटर आवाज करते, वीज खाते, हलवत काही नाही. सबब परत घ्यावी. काटेकोर बोलायचं तर त्या अंगणात ताऱ्यांच्या हिशेबाने स्थिर असा फक्त तो पाटच होता. समिती, खुर्च्या आणि बश्या तासाला दीड हजार किलोमीटरने पूर्वेकडे निघाल्या होत्या. तरी समितीने प्रवासभत्ता मागितला नाही, ही तिची नैतिक उंची. वाचकांनी हसू नये. इथवर वाचेपर्यंत आपणही बसल्या जागी दिग्रस ते यवतमाळ एवढं अंतर कापलंय. काही जाणवलं? नसेल, तर अहवालावर सहीपुरती जागा शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. हृदयाची हालचाल थांबल्याचं डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. समिती नेमावी लागली नाही.

तेरवीला फोटो ठेवायला घरात चांगलं सपाट लाकूड एकच होतं. आईने पाट अंगणात होता तिथेच ठेवला, त्यावर फोटो मांडला आणि दिव्यांची माळ लावताना बोर्डावरची दोन्ही बटनं दाबली. समिती समोरच हात जोडून बसली होती.

काही वेळाने नागोराव उठले. "फोटो तिरपा झाला न." त्यांनी तो सरळ केला. थोड्या वेळाने पुन्हा केला. तिसऱ्यांदा खाली कागदाची घडी सारली.

"इंदूवहिनी, फरशी खचून राह्यली तुमची," ते आईला म्हणाले.

"उंदरानं पोखरली असन," हरिसिंगांनी पुरवणी जोडली. विमलताई विटकर शोधायला गेल्या.

फोटो पश्चिमेकडे कलतच होता. "हे मोटर घरघर करून राह्यली खालून," नागोराव वाकून म्हणाले. "काढूनच घेतो. तशीबी न्याचीच होती." त्यांचा हात वायरीपर्यंत पोचला.

मी तो हात धरला.

"राहू द्या, काका," मी म्हणाले. मग सगळ्यांदेखत, फोटोकडे पाहून, मोठ्याने म्हणाले, "हलून राह्यला, बाबा. मले दिसून राह्यलं."