हिंगवाडीच्या फरशीवरचा वाहतूक करार

"शेजारी राष्ट्रांनी एकमेकांच्या वाहनांना आपली दारं उघडली पाहिजेत!" प्राध्यापक लीलाधर भंगाळे यांनी आरशासमोर हात उंचावून ठणकावलं.

"तुम्ही आधी आपलं दार मोकळं करा," मागून बेबाबाई म्हणाल्या. "दूधवाला केव्हाचा ओरडतोय, आणि तुम्ही मधेच उभे."

लीलाधर भिंतीला चिकटून उभे राहिले. आज बायकोचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं त्यांनी उठल्याबरोबरच ठरवलं होतं. जळगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून त्यांचे केस पिकायला आले होते, पण त्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. हजेरी झाली की मुलं मागच्या दारानं पसार होत. बेबाबाईंनी ऐकलं होतं, पण तेही फोडणी आणि कुकरची शिट्टी यांच्यामधून, तुकड्या-तुकड्यानं.

त्यातच सार्क नावाची सात शेजारी देशांची संघटना नुकतीच निघालेली. लीलाधरांनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवून 'शेजारी राष्ट्रांचे समाईक वाहतूक धोरण' असा दणदणीत निबंध लिहून काढला होता. आणि काय नवल, शिंदखेड्याच्या पुढच्या धामणदर गावातल्या नव्या कॉलेजच्या प्राचार्यांचं, रुपचंद देवरे यांचं, पत्र आलं: आमच्याकडे येऊन याच विषयावर बोला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी हा माणूस आपला सात जन्मांचा मित्र असला पाहिजे, असं लीलाधरांना वाटू लागलं होतं.

सकाळच्या पॅसेंजरनं ते शिंदखेड्याला उतरले आणि निबंधाची पिशवी छातीशी धरून एस.टी. स्टँडवर आले. खिडकीतल्या माणसाला त्यांनी विचारलं, "धामणदरची गाडी किती वाजता?"

"धामणदरची गाडी लग्नाला गेली."

"गाडी? लग्नाला?"

"वऱ्हाडानं बुक केली ना साहेब. मार्गशीर्षात आमच्या सगळ्या गाड्या लग्नालाच असतात. तुम्ही पितांबरची जीप धरा."

पितांबरच्या जीपमध्ये माणसं बसलेली नव्हती, रचलेली होती. लीलाधर एका कोंबडीच्या टोपलीच्या आणि एका झोपलेल्या आजोबांच्या मध्ये अडकले. रस्ता खड्ड्याखड्ड्यांतून चालला होता, पण ते मनातल्या मनात पहिला परिच्छेद घोळवत होते. एकाएकी जीप थांबली.

"चला, उतरा बठ्ठा!" पितांबर अहिराणीत सगळ्यांवर ओरडला.

"आलं धामणदर?"

"नही हो. ही हिंगवाडी बुद्रुक शे. फरशीना पलीकडे हिंगवाडी खुर्द. आठेन पुढे त्यास्नं राज्य. मनी गाडी तठे जावाव नही."

लीलाधरांनी पाहिलं. समोर नाला, नाल्यावर बसकी, शेवाळलेली सिमेंटची फरशी, तिच्यावरून घोटाभर पाणी वाहतंय. पलीकडे आणखी एक जीप उभी आणि तिच्या टपावर पाय सोडून एक मिशीवाला बसलेला. तो अभिमन, खुर्दचा जीपवाला. दोन वर्षांपूर्वी त्यानं नवी जीप घेतली आणि "गादी मऊ, गादी मऊ" असं ओरडत थेट बुद्रुकच्या थांब्यावरून पितांबरची माणसं भरून नेली. पितांबरनं त्याच रात्री त्याच्या चारी चाकांची हवा सोडली. त्या दिवसापासून ह्या गावची चाकं त्या गावात नाहीत आणि त्या गावची ह्या गावात नाहीत. प्रवाशांनी फरशी पायी ओलांडायची आणि गाडी बदलायची.

लीलाधरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. ज्याच्यासाठी उन्हाळा जाळला, तो प्रश्न साक्षात समोर उभा होता!

पण प्रश्न एवढ्यावर भागत नव्हता. फरशीच्या अलीकडेच ती लग्नाला निघालेली एस.टी. क्लच जळून बसली होती. कडुनिंबाखाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं. बँडवाले ढोलावर डोकं टेकून झोपले होते आणि बसमध्ये एकटा नवरदेव निंबा मुंडावळ्या बांधून घाम पुसत होता. नवरदेवाची आई मंदाबाई कमरेवर हात ठेवून नाल्याकडे बघत होती.

"पायीच जा की पलीकडे," लीलाधर म्हणाले.

"मना पोऱ्या हळदना आंगे पानीमा पाय टाकाव नही!" मंदाबाई कडाडली. "आन पलीकडे एकच जीप. एवढं वऱ्हाड तिच्यामा कसं जाई? मुहूर्त का नाल्यामा लावू?"

गणित सोपं होतं. गाड्या जास्त बुद्रुककडे: पितांबरची जीप आणि दोन ट्रॅक्टर. रस्ता खुर्दचा. बुद्रुकच्या गाड्यांना खुर्दनं वाट दिली तर लग्न लागणार होतं. लीलाधरांनी घड्याळ पाहिलं. व्याख्यानाची वेळ झालीच होती. तिकडे प्राचार्य दारात उभे असतील, हॉल खचाखच भरला असेल. वऱ्हाड अडलेलं असताना मंदाबाई पलीकडची ती एकुलती जीपही हलू देणार नव्हती. ह्या वऱ्हाडाबरोबर सुटलो तरच आपण सुटू, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, "थांबा. मी बोलणी करतो."

"कोन शेतस हाई?" मंदाबाईनं विचारलं.

"परोफेसर शेतस," पितांबर म्हणाला. "ह्याच इषयवर भाषन देतस म्हने."

लीलाधर फरशीवरून पलीकडे गेले. अभिमननं टपावरूनच ऐकून घेतलं. "लगीन शे म्हनीसन येऊ देसू. पन गाव आम्हनं, तं हॉर्न मीच वाजाडसू. त्यानी वाजाडाना नही."

लीलाधर परत आले. पितांबरनं मान झटकली. "हॉर्न मी वाजाडसूच!"

"बरं, वाजवा. पण अडचण काय आहे?"

"अडचन काय, मनी जीपले हॉर्नच नही."

"मग कबूल करा ना!"

"हॉर्न नही म्हनीसन हक्क सोडी देऊ का?"

लीलाधरांनी आदरानं पितांबरकडे पाहिलं. सार्वभौमत्वाची इतकी स्वच्छ व्याख्या त्यांना एकाही पुस्तकात सापडली नव्हती. ते पुन्हा पलीकडे गेले. अभिमननं हॉर्नचा हट्ट सोडला, पण आता खुर्दचे लोक जमले होते. त्यांना बँड त्यांच्या मारुतीसमोर वाजायला हवा होता. लीलाधर अलीकडे आले. बँडवाले वाजवायला तयार होते, पण पितांबरची गाडी सगळ्यांच्या पुढे राहिली पाहिजे, असं बुद्रुकवाल्यांचं म्हणणं पडलं. लीलाधर पलीकडे गेले. अभिमन म्हणाला, पुढे मीच. लीलाधर परत निघाले.

आता त्यांना चांगलाच ताव आला होता. फरशीच्या मधोमध ते थांबले, पिशवीतून निबंध काढला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मित्रहो! शेजारी राष्ट्रं जेव्हा..." आणि हात उंचावला. आरशापुढे तो उंचावणं वेगळं आणि शेवाळावर वेगळं. प्राध्यापकांचे दोन्ही पाय वर गेले आणि ते पाठीवर नाल्यात पडले. निबंधाची पानं एकामागोमाग एक पाण्यावर पसरली आणि रांगेनं चालू लागली. नाल्यातून बुराई नदीला, तिथून तापीला आणि तापीतून थेट गुजरातेत. समाईक वाहतूक धोरण परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडायला निघालं होतं.

दोन्ही काठांवरून दोघं धावले. पितांबरनं उजवा हात धरला, अभिमननं डावा.

"सोड! सायेब आम्हनी हदमा पडनात!" अभिमन ओरडला.

"पन पॅसेंजर मनं शे!"

दोघंही आपापल्या काठाकडे ओढू लागले. लीलाधर मध्ये ताणले गेले. त्यांच्या तोंडात पाणी गेल्यामुळे त्यांना कुठल्याच बाजूनं मत देता येईना.

"आरे मेल्याहो!" मंदाबाईचा आवाज आला. "मानूस शे तो, नाडा नही! आधी वर काढा त्याले!"

दोघं दचकले आणि त्यांनी एकदम हात सोडले. लीलाधर दुसऱ्यांदा पाण्यात बसले. ह्या वेळी त्यांच्या चष्म्यावर शेवाळाची एक हिरवी लड लोंबत होती. अभिमनला पहिल्यांदा हसू फुटलं. ते दाबायला त्यानं तोंड फिरवलं, तर समोर पितांबर गालात हसत होता. दोन वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मग काही आवरेना. दोघंही पोट धरून हसत पाण्यात बसले, काठावरचं वऱ्हाड हसलं, खुर्दवाले हसले, बसमधला नवरदेवसुद्धा मुंडावळ्या सावरत हसला. लीलाधरांनी दोघांकडे पाहिलं आणि शेवटी तेही हसू लागले.

पुढे कोणी राहायचं हा प्रश्नही मग सुटला. दोन्ही जीपा एकमेकींच्या शेजारी चालल्या, एकीचं एक चाक कपाशीच्या बांधावर, दुसरीचं हरभऱ्याच्या. मागून ट्रॅक्टरवर वऱ्हाड, आणि मारुतीसमोर बँडनं अशी काही धून उडवली की खुर्दच्या म्हाताऱ्यांनीही ठेका धरला. ओलेचिंब लीलाधर नवरदेवाशेजारी बसले होते. मंदाबाईनं आहेरातलं कोरं धोतर, सदरा आणि भगवा फेटा त्यांना चढवला होता.

धामणदरला मांडवाच्या दारात गर्दी उसळली. लीलाधर जीपमधून उतरून कॉलेज कुठं आहे असं कोणाला तरी विचारणार, एवढ्यात सफारी घातलेले एक धिप्पाड गृहस्थ हार घेऊन पुढे आले.

"नवरदेवाचे मामा ना? या, या! मी नवरीचा मामा, रुपचंद देवरे!" त्यांनी हार घातला, कडकडून मिठी मारली आणि लीलाधरांना उचलून वर घेतलं. "किती उशीर केलात! अहो, इथं जीव टांगणीला लागला होता आमचा."

लीलाधरांचे पाय हवेत होते. "तुम्ही... प्राचार्य देवरे?"

"होय तर! सगळं कॉलेज वाढपाला लावलंय. आज जळगावचा एक प्राध्यापक व्याख्यानाला यायचा होता. भाचीचं लग्न अचानक ठरलं, तेव्हा काल त्याला तार ठोकली, येऊ नका म्हणून." त्यांनी लीलाधरांच्या कानाशी तोंड आणलं. "मामा, तुम्हाला म्हणून सांगतो, सुटलो. शेजारी राष्ट्रांचं वाहतूक धोरण! सांगा, कोण ऐकणार?"

"परोफेसर सायेब!" मागून पितांबर आणि अभिमन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले. "बठ्ठासले सांगा ना, तुम्ही कसा करार करा ते!"

देवऱ्यांनी लीलाधरांना अगदी हळू, काचेचं भांडं ठेवावं तसं जमिनीवर ठेवलं. प्राचार्यांचा चेहरा फेट्यापेक्षा भगवा झाला होता.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मग प्राचार्यांनी घाईघाईनं माइक हाती घेऊन "आशीर्वादपर दोन शब्द" म्हणून लीलाधरांना उभं केलं. हातात एकही पान नव्हतं. लीलाधरांनी फेटा सावरला आणि फरशीवर जे झालं तेच सांगायला सुरुवात केली. हॉर्न नसलेल्या जीपच्या हक्कापाशी मांडव खदखदू लागला, आणि 'पॅसेंजर कोणाचं' ह्या भांडणापाशी वाढपी मुलं बादल्या खाली ठेवून हसत बसली. वरण-बट्टी निवली, तरी एकही माणूस मागच्या बाजूनं उठून गेला नाही.

जेवताना देवरे त्यांच्या पंगतीला येऊन बसले आणि त्यांनी स्वतः वांग्याची भाजी वाढली. "सर, मनात ठेवू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा या. हाच विषय ठेवू. सगळं कॉलेज बसवतो."

लीलाधरांनी बट्टीवर तूप ओतून घेतलं, सावकाश चुरली आणि म्हणाले, "येतो की. फक्त त्या दिवशी गावात एखादं लग्न ठेवा."