डाव्या गालावरचा डाग

एका जंगलात, बाळांनो, एक कॅमेरा राहत होता. तो तिथे कसा आला? सहलीला आलेला एक माणूस माकडांचे फोटो काढत होता. मागून वाघ आला. माणूस पळाला, कॅमेरा पिशवीसकट मागे राहिला. पिशवीत एक लांब भिंग होते, एक आखूड भिंग होते, धूळ उडवायचा एक रबरी फुगा होता आणि अर्धा बिस्किटपुडा होता. बिस्किटे माकडांनी खाल्ली. कॅमेरा राजाकडे जमा झाला.

राजा म्हणजे वाघच. आमच्या जंगलात सिंह नसतात, ते फक्त गोष्टींत असतात.

वाघाने आधी स्वतःचा फोटो काढवून घेतला. फोटो झकास आला. वाघ तासभर बघत बसला, मग त्याला प्रजेची आठवण झाली. त्याने हुकूम सोडला, "सगळ्यांची फोटोवाली ओळखपत्रे करा. ओळखपत्र असेल त्यालाच पाणवठ्यावर पाणी."

तोवर प्राणी एकमेकांना वासावरून ओळखत. पण वासावर शिक्का मारता येत नाही.

ओळखपत्र कार्यालयाची मुख्य झाली घोरपड. एकदा खुर्चीला चिकटली की दोर लावून ओढली तरी सुटायची नाही, अशी तिची ख्याती होती. फोटोग्राफर झाला झिपरू अस्वल. त्याला फोटो काढता येत नव्हते, पण कॅमेरा गळ्यात शोभत होता.

पहिल्याच दिवशी गवा आला. लांब भिंगातून त्याचे नुसते नाकच दिसे. झिपरूने भर वाऱ्यात, मैदानाच्या मधोमध भिंग काढले. आखूड भिंग पिशवीत लवकर सापडेना. तेवढा वेळ कॅमेरा आ वासून उभा होता.

कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटीशी काच असते. तिच्यावर चित्र उमटते. धुळीचा एक कण आत शिरला आणि त्या काचेवर ऐसपैस बसला.

त्यानंतर प्रत्येक फोटोत डाव्या गालावर मोहरीएवढा काळा डाग येऊ लागला. सशाला आला, मोराला आला, कोल्ह्याला आला. चितळाच्या अंगावर मुळातच इतके ठिपके की एक वाढला तो त्याने मोजला नाही. गवा तर काळाच. त्याच्या फोटोत डाग दिसेना, म्हणून त्याचे चारित्र्य स्वच्छ ठरले आणि त्याला पाणवठ्याच्या दारावर नेमले.

आता या गोष्टीत एक भेकरी आहे. तिला एक पाडस होते. उन्हाळा कडक होता, आणि आई पाणी प्यायली नाही तर पाडसाला दूध कुठून मिळणार? भेकरी ओळखपत्र तोंडात धरून पाणवठ्यावर गेली.

गव्याने फोटो बघितला. तिच्याकडे बघितले.

"फोटूत गालावर ठिपका हाय. तुज्या गालावर न्हाई."

"दादा, तो डाग माझा नाही, फोटोचा आहे."

"मग फोटू तुजा न्हाई. व्हय मागं."

भेकरी कार्यालयात गेली. घोरपड म्हणाली, "सरकारी कॅमेरा चुकत नाही. पण तक्रार आलीच आहे तर तपासणी करू. झिपरू, तपास."

"दोन मिनिटांचं काम, बाईसाहेब," झिपरू म्हणाला. त्याने भिंग काढले, तोंड जवळ नेले आणि जोरात फुंकर मारली.

झिपरू नुकताच मध खाऊन आला होता.

भेकरीचा नवा फोटो निघाला. डाग आता करवंदाएवढा झाला होता. इतरांचे मोहरीवर भागले. तिला करवंद मिळाले, कारण तिने तक्रार केली होती.

झिपरू मग कॅमेरा धुवायला पाणवठ्यावर निघाला. गव्याने अडवले. कॅमेऱ्याकडे ओळखपत्र नव्हते. त्या जंगलात नियमामुळे वाचलेली ही एकमेव वस्तू.

समोरच्या बाभळीवर सुगरण घरटे विणत बसली होती. तिला राहवेना. ती म्हणाली, "अहो, तोंडाने फुंकतात का कधी? कॅमेरा पालथा धरायचा आणि रबरी फुग्याने वारा द्यायचा. चिकट डाग असेल तर मऊ बोळ्याने अलगद टिपायचा. द्या इकडे, मी पुसते."

घोरपडीने डोळे बारीक केले. "आणि पुसल्यावर डाग गेला तर?"

"तर गेला! बरंच झालं की."

"बरं कसं होईल? आजवर सातशे ओळखपत्रं दिली. ती सगळी चुकली, असं मी लिहून द्यायचं? सातशे गाल दुरुस्त करणं सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर आदेश लागला. प्रत्येकाने आपल्या फोटोप्रमाणे गालावर कोळशाने ठिपका काढावा. भेकरीने करवंदाएवढा ठिपका काढला आणि ती पोटभर पाणी प्यायली. पाडसाने मायेने तिचा गाल चाटला. दुसऱ्या दिवशी गव्याने तिला पुन्हा हाकलले.

असे पुष्कळांचे झाले. कुणाचा ठिपका घामाने गेला, कुणाचा लोळताना. घोरपडीने नवा आदेश काढला: ठिपका कायमचा हवा. वणव्यातला निखारा राखून ठेवला होता. झिपरू काडी तापवून बसला. प्राणी रांगेत उभे राहिले आणि डाव्या गालावर चटका घेऊन पाणी प्यायला गेले. रांग फार शिस्तीची होती, असे सगळे सांगतात.

भेकरीनेही डागून घेतले. तिला स्वतःचे काही वाटले नाही. पण तिचे दूध आटले होते, पाडसालाही आता पाणी हवे होते आणि घोरपडीने नियम वाचून दाखवला: आधी डाग, मग फोटो.

"बाईसाहेब, लहान आहे हो ते. त्याचा तर फोटोसुद्धा निघालेला नाही!"

"निघाल्यावर डाग येणारच ना? मग आधीच घ्यावा. हेलपाटा वाचतो."

भेकरी दोन दिवस पाडसाला झाडीत घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी पाडसाला उभे राहता येईना. तिने त्याला मानेने ढकलत रांगेत आणले आणि काडी टेकली तेव्हा डोळे मिटून घेतले. पाडस ओरडले. फोटो उद्या निघेल असे सांगून झिपरूने त्याला घोटभर पाणी दिले.

त्याच संध्याकाळी राजाचा वाढदिवस होता. वाघ नवा फोटो काढायला बसला. फोटो निघाला. राजाच्या डाव्या गालावर करवंद!

"हे काय आहे?" वाघाने विचारले.

झिपरूने हातातली काडी हळूच पाठीमागे लपवली. घोरपड खुर्चीवरून उठली. होय बाळांनो, उठली. "महाराज, कॅमेऱ्यात धूळ आहे," ती म्हणाली.

सुगरणीला बोलावले. तिने कॅमेरा पालथा धरला, फुग्याने वारा दिला, सावरीच्या कापसाने काच टिपली. पाच मिनिटे लागली. राजाचा फोटो पुन्हा निघाला, लख्ख!

भेकरी हे लांबून बघत होती. पाच मिनिटे. तिने पाडसाच्या गालाकडे पाहिले आणि तिला रडू फुटले.

सकाळी सुगरण कार्यालयात आली. "आता तरी म्हणा, कॅमेराच बिघडला होता."

"पडताळून पाहू," घोरपड म्हणाली. ती पुन्हा खुर्चीत होती. "पहिला फोटो कुणाचा? या पाडसाचा? काढ, झिपरू."

स्वच्छ कॅमेऱ्यातून स्वच्छ फोटो निघाला. डाव्या गालावर करवंदाएवढा डाग होता. मग सशाचा काढला, मोराचा काढला. सगळ्यांचे डाग जिथल्या तिथे.

"बघा," घोरपड म्हणाली, "कॅमेरा पुसला तरी डाग आहेतच. म्हणजे कॅमेरा पहिल्यापासून बरोबर होता."

सुगरणीवर खोटी साफसफाई केल्याचा ठपका आला. तिचे पाणी महिनाभर बंद झाले.

भेकरी पाडसाचे ओळखपत्र घेऊन त्याच्यासह पाणवठ्यावर गेली. गव्याने फोटो बघितला, पाडसाकडे बघितले आणि पहिल्यांदाच हसला. "जा. वळख पटली."

पाडसाने फोटोत डोकावून पाहिले. ते खूश झाले.

"आई, बघ ना! अगदी माझ्यासारखा आलाय."

तात्पर्य: कॅमेरा फार नाजूक असतो. त्यात धूळ गेली तर उगाच उघडू नये. गाल त्या मानाने टिकाऊ असतात.