वानखडे सर मशीन घेतात

वानखडे सर कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची उलटी करून बघतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बायको चहा घेऊन आली, तर सर जमिनीवर आणि खुर्चीचे चारही पाय वर. "सांधा नाही, नुसता खिळा ठोकला आहे. बसत नका जाऊ हिच्यावर," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. त्या खुर्चीवर मी वीस वर्षं बसत होतो.

राजापेठेत आमची घरं लागून आहेत. सरांनी जन्मभर भूमिती शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत सुतारकाम केलं. हाताच्या करवतीनं खांदा धरायला लागला, तेव्हा टेबल सॉ घ्यायचं ठरलं. टेबलाच्या मधोमध फिरतं पातं, त्यावर फळी लोटायची, एवढंच ते यंत्र. पण दीड वर्ष झालं तरी सरांना एकही पसंत पडेना. अमरावतीची दुकानं संपली, अचलपूरही झालं. शेवटी मला घेऊन अकोल्याला निघाले.

तिथला दुकानदार मोटारीची ताकद सांगू लागताच सरांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "ते राहू द्या. मी इकडून फळी लोटली, तर पल्याडून धरणाऱ्याचा हात कुठं येते?" मग टेपनं पात्यापासून मागच्या कडेपर्यंत मोजलं आणि मान हलवली.

"काका, पल्याड माणूस लागतेच कायले?"

"लागते," म्हणून सर बाहेर पडले. प्रत्येक दुकानात हेच झालं होतं.

रस्त्यावर मी चिडलोच. "सर, कोण धरते तुमची फळी? त्याले सांगा ना, नको धरू म्हणून!"

सरांनी हातातला टेप खिशात टाकला. मग म्हणाले, "सुमन धरते. लग्न झालं तवापासून. आता हात थरथरतात तिचे. डॉक्टर म्हणते, वाढतच जाईन. पोळ्या सोडल्या, रांगोळी सोडली, भजनात टाळ धरनं सोडलं. फळी तेवढी धरते, गजू. तिले नको कसा म्हणू?"

मी त्यांना हाताला धरून परत दुकानात नेलं आणि सगळं सांगितलं. दुकानदारानं ऐकून घेतलं. "आधी सांगाचं ना, काका," म्हणत त्यानं पात्यावर झाकण असलेलं लहान मशीन दाखवलं, आणि पाठीमागं चार फूट लांब टेबल कसं जोडायचं ते कागदावर काढून दिलं.

पहिली फळी कापायच्या दिवशी मी गेलो होतो. लांब टेबलाच्या पल्याड सुमनकाकू पदर खोचून उभ्या. "ओढाचं नाही, फक्त झेलाचं," सर म्हणाले. त्यांनी फळी अगदी सावकाश लोटली. मशीन बंद केलं, पातं पूर्ण थांबू दिलं, तेव्हा कुठं श्वास सोडला.

काकूंच्या हातात फळीचे दोन्ही तुकडे एकमेकांवर आपटून टकटक वाजत होते. त्यांनी ते जपून खाली ठेवले.

"सरळ निघाली," काकू म्हणाल्या. "आता दुसरी द्या."