हेडबाईंची आंघोळ

चष्मेवाल्यांच्या घरात आंघोळीला कोण गेलंय हे बाथरूमच्या दारावरून नाही, अंगणातल्या पामवरून कळायचं. बाथरूमचं पाणी गटारात वाया जातं म्हणून त्यांनी भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला होता आणि तो तीन पामच्या बुंध्याशी नेऊन सोडला होता. भरपूर फेस आला की आत मुलगी, नुसताच धबधबा आला की बायको, आणि थेंब थेंब आलं की स्वतः चष्मेवाले.

त्या उन्हाळ्यात बागेला नळाचं पाणी घालायला बंदी आली. गल्लीतली झाडं करपली, पण चष्मेवाल्यांचे पाम असे माजले की एका झावळीने शेजारणीची वाळत घातलेली चादर उचलून नेली. शेजारीण निदान तसं सांगते, आणि चादर काही अजून सापडलेली नाही. पुढे मात्र ऊन वाढलं, तिघांच्या आंघोळी तीन पामना पुरेनात आणि झावळ्यांची टोकं तपकिरी व्हायला लागली.

"अहो, मग नळ सोडून ठेवा की जरा वेळ," बायको म्हणाली. "बाथरूमच्या आत कोण बघायला येतंय?"

चष्मेवाल्यांनी कानांना हात लावले. "ती चोरी झाली! पाण्याने आधी माणसाचा मळ काढायचा, मग झाडाकडे जायचं. काम न करता आलेलं पाणी माझ्या झाडांना पचायचं नाही."

"बरं, मग मी परत एकदा आंघोळ करते."

"मळलीयस कुठे तू? स्वच्छ माणसाला धुणं म्हणजेसुद्धा चोरीच. फक्त ओली."

आता घरात मळून मळून तिघं किती मळणार? चष्मेवाले बाहेरचे मळके शोधायला लागले. पोस्टमन घाम पुसताना दिसला की त्याला हाताला धरून आत आणायचे. एकदा रंगाऱ्याला आंघोळ घातली, तर मधला पाम आठवडाभर रुसला. तेव्हापासून रंग, तेल, ग्रीस बाद. धूळ आणि घाम पसंत. आपल्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे सोडून ते कॉलर तपासायला लागले, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, माणसं बघताय का खत?"

मुलीचा जीव मात्र खरोखर टांगणीला लागला होता. तिने स्वतःच जमवलेल्या मुलाचे आईवडील रविवारी घर बघायला येणार होते. मुलाची आई शाळेत मुख्याध्यापिका. सगळे तिला हेडबाई म्हणायचे आणि तिच्यासमोर भिंतीवरचं घड्याळसुद्धा हळू टिकटिक करायचं. मुलाने बजावून ठेवलं होतं, आई एकदा नाही म्हणाली की संपलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "रविवारी झाड, पाणी, पाइप, यातला एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. पाया पडते तुमच्या. द्या शब्द."

"दिला," चष्मेवाले म्हणाले. ते शब्दाचे पक्के होते आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

रविवारी पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली. शेवटची चढण चौघा अनोळखी लोकांबरोबर मुलाने आणि त्याच्या वडिलांनी गाडी ढकलली, आणि हेडबाई मागून सूचना देत चालल्या. दार उघडलं तेव्हा तिघंही पिठात लोळून आल्यासारखे दिसत होते. बायकोने "या, या" म्हणायला तोंड उघडलं, पण चष्मेवाल्यांचा चेहरा आधीच उजळला होता.

"वा! काय मळलाय हो तुम्ही!" ते म्हणाले. "बसायचं नंतर. आधी आंघोळ करून घेता का?"

घरात अशी शांतता पसरली की गुरगुरणारा फ्रिजसुद्धा दचकून थांबला.

"काय म्हणालात?" हेडबाईंनी विचारलं.

"आंघोळ. पाणी तापवलंय. टॉवेल कोरा आहे."

"आमच्या अंगाला वास येतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"छे हो! वास कुठला? धूळ आहे. आणि एक नंबर धूळ आहे. तेल नाही, ग्रीस नाही."

हेडबाईंच्या मिस्टरांनी मान हळूच वळवून स्वतःची कॉलर हुंगली.

"पण कशासाठी?"

चष्मेवाले 'झा'पर्यंत पोचले आणि त्यांनी जीभ चावली. "ते नाही सांगता येणार. मुलीला शब्द दिलाय."

हेडबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी भिंतीच्या रंगाची झाली होती. बायको सावरायला धावली. "ताई, मनावर घेऊ नका हो. हे सगळ्यांनाच विचारतात. परवा पोस्टमननेसुद्धा केली."

"पोस्टमन इथे आंघोळ करतो?"

"रोज नाही हो! मळला तरच."

"आई, तू समजतेस तसं काही नाहीये," मुलगा मध्ये पडला.

"तू गप्प बस! तुला ठाऊक होतं हे?"

"म्हणजे... मी पण दोनदा केलीय इथे."

हेडबाईंचे डोळे एवढे मोठे झाले की चष्मेवाल्यांना धंद्याच्या सवयीने नंबर दिसायला लागला. त्या गर्रकन वळल्या. मुलीने डोळ्याला रुमाल लावला. संपलं सगळं. पण हेडबाई दाराकडे गेल्या नाहीत.

"आजवर मला कोणी मळकी म्हणालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "टॉवेल द्या. या घरातून जाईन ती चकचकीत होऊन जाईन. मागून बोलायला जागा नको."

आत पाणी सुरू झालं. चष्मेवाले थोडा वेळ खुर्चीत चुळबुळले, मग पाय न वाजवता अंगणात सटकले. पाइपातून असलं दमदार, मातकट पाणी येत होतं की त्यांना गहिवरून आलं. ते उकिडवे बसले, ओंजळीने पाणी मुळाशी सारायला लागले आणि पुटपुटले, "पी बाळा, पी. पोटभर पी."

नेमकं तेव्हाच हेडबाईंनी बाहेर कोण बोलतंय म्हणून वरच्या झरोक्यातून खाली पाहिलं.

ती किंकाळी शाळेत फुटली असती तर आठवडाभर शाळा सुटली असती. ओल्या केसांनी, बायकोचा गाऊन घालून हेडबाई बाहेर आल्या. "हा माणूस माझ्या आंघोळीचं पाणी कुरवाळतोय!"

"बाबा, शब्द परत!" मुलगी ओरडली. "सांगून टाका एकदाचं!"

चष्मेवाल्यांनी एका दमात बंदी, पाम, पाइप, पोस्टमन आणि रंगारी सगळं सांगून टाकलं. हेडबाई ऐकत उभ्या राहिल्या. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"एक थेंबही फुकट जात नाही?"

"नाही."

"आणि नुसता नळ सोडून लबाडी?"

"मरेन, पण नाही."

हेडबाई खुर्चीत बसल्या. "हे आधी बोलायला काय झालं होतं? पाणी वाचवा म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडते मी शाळेत." मग त्या मिस्टरांकडे वळल्या. "तुम्हीही जा."

"मी?" मिस्टर दचकले. "मी सकाळीच केली की."

"केलीत, ऐकलं मी. पण नंतर गाडी ढकललीत. जा म्हणते ना!"

मिस्टर उठले. जाता जाता त्यांनी टेबलावरचा पेपर काखेत मारला. कोणाच्या लक्षात आलं नाही. चहा आला, गप्पा सुरू झाल्या, साखरपुड्याचा विषयसुद्धा निघाला. हेडबाई चक्क हसल्या. आईला दात आहेत हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं मुलगा पुढे सांगायचा.

एवढ्यात चष्मेवाले अंगणातून आत आले. तोंडावरचा रंग उडालेला. हातात काचेचा पेला. त्यांनी तो उजेडासमोर धरला, एक डोळा मिटला आणि भिंग तपासावं तसं आतलं पाणी तपासलं.

"आत कोणी आंघोळ करत नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"हे बघा ना! साबण नाही, मळ नाही, धुळीचा कणसुद्धा नाही. कोरं पाणी आहे हे. चोरीचं!"

हेडबाई बाथरूमच्या दाराशी गेल्या. "अहो! काय चाललंय आत?"

"आंघोळ!" आतून उत्तर आलं, आणि त्याच्यामागे पेपराचं पान उलटल्याचा आवाज.

"दार उघडा."

नळ बंद झाला. दार उघडलं. मिस्टर उलट्या बादलीवर बसलेले, नाकावर चष्मा, हातात अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. कपाळावरची धूळ जशीच्या तशी.

हेडबाई अडखळत बोलायला लागल्या. शाळेतल्या पोरांनी हे बघायला पैसे दिले असते. "म्हणजे आपल्या घरी... रोज सकाळी... तो जो नळ वाहतो तो..."

"रविवारी करतो ना मी," मिस्टर म्हणाले. "अगदी नेमाने."

"आज रविवार आहे!"

मिस्टरांनी मान खाली घातली. "आपल्या घरात आतून लागणारी तेवढी एकच कडी आहे गं," ते हळूच म्हणाले.

"आंघोळ नाही केलीत ते मी समजू शकतो," चष्मेवाले कळवळून म्हणाले. "पण नळ हो, नळ!"

हेडबाईंनी मिस्टरांच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ निरखली. मुलगी श्वास रोखून उभी. शेवटी त्या मुलीच्या आईकडे वळल्या.

"विहीणबाई, तारीख काढा. ज्या घरात सांडपाण्यालासुद्धा खोटं बोलता येत नाही, तिथली मुलगी मला हवीच. आणि तो पाइप कोणी बसवला त्याचा नंबर द्या. आमचा पाइप माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर निघायला हवा."

मग त्यांनी मिस्टरांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि त्यांना परत आत ढकललं. त्यानंतर पाइपातून जे आलं त्याला पाणी म्हणणं अवघड होतं. तिसऱ्या पामला संध्याकाळच्या आत नवी झावळी फुटली आणि ती बघायला गल्ली लोटली. मिस्टर बाहेर आले ते असे उजळून, की पोटच्या मुलाने उठून खुर्ची दिली आणि विचारलं, "आपण कोण?"

बायका तारखा काढण्यात दंग झाल्यावर मिस्टर खुर्ची सरकवत सरकवत चष्मेवाल्यांच्या कानाशी आले.

"व्याही," ते कुजबुजले, "आतून कडी लागेल अशी दुसरी एखादी खोली आहे का हो तुमच्याकडे?"

चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "दुकानात आहे. डोळे तपासायची. पण तिथे मिट्ट काळोख असतो, कोडं दिसायचं नाही."

"चालेल," मिस्टर म्हणाले. "उद्या किती वाजता उघडता?"