जनूदादांची झांज

साठीच्या घरातल्या, टक्कल पडलेल्या चार गोऱ्या माणसांना कोणी ‘आपली पोरं’ म्हणतं का? आमचे जनूदादा म्हणतात. “आपल्या पोरांचा नवीन अल्बम आला, ऐकलास का?” असं त्यांनी मला जिन्यात विचारलं तेव्हा मला वाटलं, गावठाणातल्या मुलांनी हळदीची गाणी काढली असतील. निघाला परदेशातला एक जुना रॉक बँड. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्याचं नाव दोनच माणसांना माहीत होतं. दुसरी मी.

मी कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवते. आईच्या आजारपणात डोंबिवलीला तिच्याकडे राहायला आले. आई गेली, मी राहिले. जनूदादा म्हणजे जनार्दन पाटील. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची, तिथे पूर्वी भात व्हायचा. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट आले, भाडी आली, तरी दादा रिटायर होईपर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर उभे राहिले. घरात बसून भाडं खाणाऱ्याला बायको चहासुद्धा विचारत नाही, असं त्यांचं मत. तिथल्याच एका सुपरवायझरने कधीतरी एक कॅसेट दिली आणि हे खूळ लागलं. इंग्रजी दादांना तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. “शब्द कशाला पाहिजेत? पोरगा रडतोय ते कळतं ना,” म्हणतात. आणि ते खरंच आहे, त्या बँडची सगळी गाणी मेली रडकीच.

दर रविवारी दुपारी तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत बैठक असते. दादा, मी आणि ठाण्याहून येणारा ओंकार. ओंकार सीए आहे, तिशी उलटलेला, बँडच्या बाबतीत आमच्याइतकाच वाया गेलेला. नियम कडक. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधे तोंड उघडायचं नाही. गाणी ओंकारच्या फोनवरून स्पीकरला लागतात, पण निम्मा अल्बम झाला की दादा हात वर करतात आणि म्हणतात, “बाजू बदल.” कॅसेटला दोन बाजू असतात, तर फोनने काय घोडं मारलंय? ओंकार गुपचूप फोन बंद करून पालथा घालतो, वहिनी चहा आणतात, आणि चहा संपला की फोन सुलटा करून दुसरी बाजू सुरू होते. शेजारच्या बायका याला ‘पाटलांचं इंग्रजी भजन’ म्हणतात.

खरी मजा अल्बम संपल्यावर. दादांच्या मते हा बँड पाचव्या अल्बमनंतर संपला. का? तर झांज गेली. ड्रमच्या वर ज्या पितळी थाळ्या असतात, त्यांना दादा झांज म्हणतात. नंतरच्या अल्बममध्ये कोणा दळभद्र्याने ती काढून टाकली आणि आता पोरं गोधडीखाली बसून वाजवतात, असं त्यांचं ठाम म्हणणं. ओंकारचा जीव सातव्या अल्बमवर. मग जी जुंपायची! ओंकार टेबल बडवून झांज कुठे कुठे आहे ते दाखवायचा, दादा त्याला कानातला मळ काढून ये म्हणायचे. भांडण म्हटलं की आवाज चढतोच, त्यामुळे कोण किती ओरडतंय याकडे कधी लक्ष गेलं नाही. एकदा तर दादांनी ओंकारकडून बँडला इंग्रजीत ई-मेल लिहवून घेतला. बाळांनो, झांज परत आणा, अजून वेळ गेलेली नाही. खाली ‘आपला हितचिंतक, जनार्दन पाटील, डोंबिवली पूर्व’. उत्तर आलं नाही तेव्हा म्हणाले, वाचून लाजली असतील.

यंदा बँडने शेवटचा दौरा जाहीर केला आणि त्यात नवी मुंबई होती. दादांनी काळा शर्ट शिवायला टाकला. कोणाचं सुतक आहे का, म्हणून वहिनींनी विचारलं.

तयारी म्हणून एका रविवारी पहिला अल्बम लावला. तो म्हणजे दादांचं दैवत, त्यात झांजच झांज. तिसऱ्या गाण्याला दादा ताडकन उठले. मधे न बोलायचा नियम त्यांनी स्वतःच मोडला. रागावले की ते गावठाणाच्या बोलीवर येतात. चोरांनी यातली पण काढली, म्हणाले, मना आयकाला येत नाय. नवीन प्रत आहे, काही फेरफार केला असेल, असं ओंकार म्हणाला. दादांनी कपाटातून त्यांची ती पहिली कॅसेट काढली आणि जुन्या डेकमध्ये घातली.

झांज खणखणीत वाजत होती. मला ऐकू येत होती, ओंकारला येत होती. दादा वाकून डेकला कान लावून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा कान लावला.

मग माझ्या लक्षात आलं. बँडने कुठल्याच अल्बममधून काही काढलं नव्हतं. इतकी वर्षं प्रेसच्या धडधडीत उभं राहून दादांचे कान गेले होते, हळूहळू, वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी.

“टेप झिजली,” दादा म्हणाले.

“हो दादा, झिजलीच आहे,” ओंकार म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

कॉन्सर्टला आम्ही ओंकारच्या गाडीने शीळफाट्यावरून गेलो. एरवी त्या ट्रॅफिकमध्ये दादांची टकळी थांबत नाही, त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत बसले. मैदानात सगळे नाचत होते. दादा लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे टेकून उभे होते आणि डोळे ड्रमवाल्याच्या हातांवर. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, पोरं म्हातारी झाली गं. तेवढंच.

पुढच्या रविवारी ओंकार ठरवूनच आला होता. बसल्या बसल्या हळू आवाजात म्हणाला, दादा, तुमचंच बरोबर होतं. दादांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. सातव्या अल्बममध्ये काही दम नाही, झांज गेलीच, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि मीही घाईघाईने हो ला हो केलं. वाटलं, म्हातारा खुलेल.

दादांनी कप खाली ठेवला.

“मना म्हायत हाय,” ते म्हणाले. “कल्याणच्या डॉक्टरनं मागंच सांगितलंय. कानाचं मशीन पण हाय कपाटात, घातलं की नुसती भांडी आपटतात डोक्यात. पण घरातल्यांना कळलं नि सगळी हो हो करायला लागली. पोरगा हो बोलतो, सून हो बोलते. बहिऱ्याशी कोण डोकं लावील? आठवडाभर माझ्याशी कोण भांडत नाय गं. तुम्ही दोघं भांडता, म्हणून रविवारची वाट बघतो. आता तुम्ही पण हो बोलाल, तर मी कुठं जाऊ?”

ओंकारची मान खाली गेली. मला भडभडून आलं, पण या खोलीत रडायचं काम गाण्यांनी करायचं असतं. मी म्हटलं, दादा, सातवा अल्बम हा त्यांचा सगळ्यात भारी अल्बम आहे आणि तुम्हाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण माझा आवाजच फुटेना. दादांनी कानामागे हात धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मग मी खच्चून ओरडले. तेव्हा कुठे दादा चिडले.