पहिली ओळ श्रीची

कांतिलालशेठ कोणत्याही नव्या वस्तूवर आधी 'श्री' लिहितात. हिशेबाच्या वहीवर सगळेच व्यापारी लिहितात, यांच्या तर फ्रिजवर, पाण्याच्या टाकीवर आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरही तो असतो. कुंभार पिंपळगावात मी त्यांचा शेजारी. शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे त्यांच्या लेखी मी कायम ड्यूटीवर.

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून त्यांनी घरातच स्वतःचा वेब सर्व्हर, म्हणजे स्वतःची वेबसाइट चालवणारं मशीन, मांडलाय. फुकटात साइट मिळते, हे मी सांगून थकलो. "भाड्याच्या गाळ्यात धंदा न्हाई करायचा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि धंदा तरी कसला? एक पान, त्यावर रोज दोन ओळी. 'आज गट्ट्याची भाजी केली. बाजारात मोसंबी बरी आल्ती.'

परवा सकाळीच हाक आली. "सर, जल्दी या. सर्व्हर चालूच होऊन न्हाई राह्यला."

गेलो, तर मशीन बंद-चालू करून, उदबत्ती लावून झाली होती. शेठचा चेहरा पार उतरलेला. सर्व्हर का अडला ते तो स्वतःच सांगतो, फक्त कमांड टाइप करून विचारावं लागतं. विचारलं. सेटिंगच्या फाइलीतली पहिलीच ओळ कळत नाही, म्हणाला. फाइल उघडली, तर माथ्यावर ॥ श्री ॥.

"काल नवी फाइल केल्ती," शेठ म्हणाले. "बिनाश्रीची कशी सुरू करायची?"

काढू तर देईनात. शेवटी, ओळीआधी # हे चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचत नाही, असं समजावलं. देवानं वाचली म्हणजे झालं, म्हणत त्यांनी स्वतःच ते टाकलं. सर्व्हर चालू झाला.

लगेच मोबाइलवर आपलं पान उघडून त्यांनी डोळे भरून पाहिलं. हे पान त्यांच्या धाकट्या भावासाठी. दोघांनी जन्मभर एका गादीवर बसून दुकान चालवलं. आता तो पुण्याला, मुलांकडे. शेठ इथे एकटेच. मी जरा वैतागूनच म्हणालो, मग व्हॉट्सअ‍ॅप का नाही करत?

"केल्तं सर. दोन निळ्या रेघा येतात, जवाब येत न्हाई. मंग दिवसभर कशात मन लागत न्हाई." ते पडद्याकडेच बघत होते. "इथं बरं हाय. तो रोज पाहतो, असं धरून चालता येतं. कोण पाहून गेलं ते कळतच न्हाई ना, सर?"

मला फार वाईट वाटलं. सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतो.

"न्हाई शेठ," मी म्हणालो, "बिलकुल कळत न्हाई."